टेकडीमागचं मेण

८ जानेवारी

प्रिय चिमणे,

या पत्रात मी ‘घरी ये’ असं एकदाही लिहिणार नाही. तसं ठरवूनच बसले आहे, तेव्हा निर्धास्तपणे वाच. माझं काम आहे, आणि तेही तुझ्याकडे नाही, तुझ्या नवऱ्याकडे. पण त्याला थेट लिहायचं तर मायना काय लिहावा इथपासून अडते मी. ज्या मुलाला मी ‘गणिती, चहा घेणार का’ असं जिन्यावरून ओरडून विचारायचे, त्याला आज काय म्हणायचं? म्हणून तुझ्यामार्फत.

बाबा गेल्यापासून दर वर्षी मी तुला पत्र पाठवते आणि दर वर्षी तुझं तेच एक वाक्य येतं. ‘ताई, माझ्या लग्नावरून बाबांनी ज्या पायरीवर माझी ट्रंक बाहेर ठेवली होती, त्या पायरीवर मी पाय ठेवणार नाही.’ मला ते पाठ आहे. कामाच्या पत्राला तरी दुसरं वाक्य मिळेल, एवढीच आशा.

तर ऐक. शाळेची नोकरी संपल्यावर मी मेणबत्त्यांचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे घरामागची बाबांची गाडी ठेवायची जागा, दोन शेगड्या, साचे, आणि वाती वळायला एक बाई. वातीवाल्या बाई माझ्यापेक्षा थोड्याच लहान आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतात. आपल्या शाळेच्या चॅपलमागच्या खोलीत सिस्टर शिकवायच्या, तेच मी करते आहे. तू एकदा वेणी मेणात बुडवून ठेवली होतीस आणि ‘पेटवू का’ म्हणून विचारलं होतंस, आठवतं? सिस्टरांना हसू आलं होतं, म्हणून तर त्या भिंतीकडे वळल्या होत्या.

आता आमच्याकडे मोठं काम आलं आहे. संगीत सभागृहात दर आठवड्याला दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात वादन होतं, त्यांना वर्षभराच्या मेणबत्त्या हव्या आहेत. मधाच्या पोळ्याच्या अस्सल मेणाच्या. भाव ठरला, हात मिळवले, मी घरी येऊन एकटीच नाचले.

नाचून झाल्यावर धास्ती वाटली. माझा भाव ठरला, पण मेणाचा कुठे ठरला आहे? उन्हाळ्यात मेण महागलं तर मी बुडाले. आपल्या शाळेजवळच्या टेकडीच्या मागच्या उतारावर एक मधवाले पेट्या ठेवतात, त्यांची धास्ती माझ्या उलटी. मेण उतरलं तर ते बुडाले. शिवाय त्यांना पैसा आत्ता हवा आहे. थंडीत माश्यांना पाक पाजावा लागतो, पेट्या दुरुस्त करायच्या असतात.

मी दोघांच्या वतीने बँकेत विचारलं. तिथली एक मुलगी घरी आली, फार गोड मुलगी, बूट बाहेर काढावेत का म्हणून विचारणारी. मधवालेही बसले होते.

ती म्हणाली, “ठरलेल्या आकड्यापेक्षा भाव वर गेला तर फरक बँक ताईंना देईल. खाली गेला तर ताईंनी बँकेला द्यायचा. तुमच्यासाठी याच्या उलट, काका.”

“आणि मेण?” मधवाल्यांनी विचारलं.

“मेणाचा यात संबंध येत नाही. मेणाचा मोठा बाजार नाही ना, म्हणून आम्ही पॅराफिनचा भाव धरतो.”

“म्हणजे माश्या माझ्या, मेण माझं आणि पैज पॅराफिनवर.”

“पैज नाही हो काका, संरक्षण आहे. मोठमोठे कारखाने करतात.”

“करत असतील, बेटी. मी त्यांना काही म्हणत नाही. पण यात माल कुठेच नाही, नुसता फरक इकडून तिकडे जाणार. माझ्या धर्मात ते बसत नाही.”

ती बिचारी ओशाळली. मग मधवाल्यांनीच तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली आणि म्हणाले, “आमच्यात याला दुसरी वाट आहे. नाव मला ठाऊक आहे, कागद कसा करायचा ते ठाऊक नाही.” मुलगी म्हणाली की तिलाही ठाऊक नाही, पण कळलं तर तिलाही सांगा.

तुझा नवरा त्याच्या इस्लामी बँकेत असलेच कागद करतो ना? त्याला विचारशील? नाही विचारलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण तसं लिहायची पद्धत आहे.

तुझी,
ताई


२७ जानेवारी

प्रिय चिमणे,

तुझ्या नवऱ्याचं उत्तर मिळालं. चार पानं, तीही टंकलेली, समासासकट. पण पाकिटावरचा पत्ता तू लिहिला आहेस. नाही म्हणू नकोस. आपल्या शाळेत हस्ताक्षराच्या सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या असायच्या, त्यांनी घोटून घेतलेली कॅपिटल अक्षरांची शेपटं जगात दोनच माणसं काढतात, त्यातली एक मी. तिकीट नेहमीसारखं वाकडं लावलंस. पाकीट मी सकाळपासून तीनदा हातात घेतलं, पत्र एकदाच वाचलं. तुझ्या नवऱ्याला हे सांगू नकोस.

त्याने फार छान समजावलं आहे. लहानपणी तुला बीजगणित शिकवायला यायचा तेव्हाही असंच सांगायचा, मी जिन्यात बसून ऐकायचे आणि मला तुझ्याआधी समजायचं.

तीन वाटा आहेत म्हणतो. पहिली इसाराची. थोडी रक्कम आधी द्यायची, पुढे माल घेतला तर ती किमतीत धरायची, नाही घेतला तर ती गेली. हे धर्माच्या काही जाणकारांना चालतं, बऱ्याच जणांना चालत नाही. मधवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही मेण नाही नेलंत तर मी तुमचे पैसे कशाबद्दल ठेवू? मला झोप नाही लागायची.” वातीवाल्या बाई मागून म्हणाल्या, “मला लागली असती.”

दुसरी वाट एकतर्फी वचनाची. एकाने वचन द्यायचं की अमुक दिवशी मी अमुक करेन. बांधला जातो तो वचन देणारा एकटाच. समोरचा मोकळा. तो हो म्हणेल, नाही म्हणेल, काहीच म्हणणार नाही.

तिसरी सलम. हीच मधवाल्यांच्या मनातली. पूर्ण किंमत आज मोजून द्यायची आणि माल पुढे, ठरल्या दिवशी घ्यायचा. पैसे अर्धे देऊन चालत नाही, उद्या देतो म्हणून चालत नाही. मधवाल्यांना पैसा हवा तेव्हा मिळतो, मला मेणाचा भाव आजच ठरवून मिळतो, आणि मध्ये खरंखुरं मेण असतं. आम्ही तिसरी घेतली. सभागृहाकडून आगाऊ मिळालेले पैसे मी बाजूलाच ठेवले आहेत.

दुसरी मी तुझ्यासाठी घेतली आहे. चिमणे, मी तुला एकतर्फी वचन देते की ‘घरी ये’ असं मी तुला यापुढे लिहिणार नाही. तुझ्यावर कसलंही बंधन नाही. अगदी पाकिटावर पत्ता लिहिण्याचंही नाही.

कागदाचा मसुदा मी स्वतः लिहून सोबत जोडला आहे. तुझ्या नवऱ्याने तपासून द्यावा. मला वाटतं बरा जमला आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

इतकी वर्षं मी वर्गभर वह्या तपासल्या, आणि आता माझीच वही लाल होऊन परत आली आहे. वातीवाल्या बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “नापास का हो?”

मी मेणाचं वर्णन केलं होतं, ‘टेकडीमागच्या पेट्यांचं, कोवळ्या उन्हाच्या रंगाचं, लहानपणी चॅपलमध्ये यायचा त्या वासाचं.’ तुझ्या नवऱ्याने ‘टेकडीमागच्या पेट्यांचं’ यावर आडवी रेघ मारली आहे आणि खाली लिहिलं आहे की सलमात विशिष्ट बागेचं फळ किंवा विशिष्ट पेटीचं मेण मागता येत नाही. त्याच पेट्यांना काही झालं तर देणारा कुठून आणणार? मग सगळा व्यवहार नशिबावर टांगला जातो. मागायचं ते गुणावरून मागायचं. जात, रंग, शुद्धता, वजन, दिवस आणि ताबा घ्यायची जागा. माल कुठून आला ते विचारायचं नाही, वर्णनाशी जुळला की घ्यायचा.

मला राग आला. मला तेच मेण हवं होतं. त्या टेकडीवरून आपण दप्तरं घेऊन घसरत यायचो, माझा मोजा त्या कुंपणात अजून अडकलेला असेल. दुसरीकडचं मेण म्हणजे दुसरीकडचं. मी तुझ्या नवऱ्याला दोन कडक ओळी लिहायला घेतल्या होत्या.

मग मला ते दिसलं. ‘लहानपणी चॅपलमध्ये यायचा त्या वासाचं’ याच्या बाजूला, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. ‘ताई, बँकेत हा वास कोण तपासणार?’

चिमणे, मी खुर्चीत बसले ती उठेचना. बाई धावत आल्या. “शिव्या आल्यात का?”

“चिमटा आलाय,” मी म्हटलं.

“दुखला?”

“खूप.” आणि मी इतकी हसत होते की त्यांनी शेगडी बंद केली.

बाबांच्या पायरीच्या वाक्यानंतरचं तुझं हे दुसरं वाक्य. सहा शब्दांत तू मला नापास केलंस आणि मी कागद उशाखाली ठेवला. सकाळी उठून मी टेकडी खोडली. पूर्ण खोडली, खालचं दिसणार नाही अशी. उन्हाचा रंग काढून ‘फिकट पिवळा’ लिहिलं. वास मात्र ‘मधाचा नैसर्गिक’ असा ठेवला आहे, तेवढं तुझ्या नवऱ्याला सांभाळून घ्यायला सांग.

ताई


४ मार्च

प्रिय चिमणे,

झाला करार. मधवाल्यांनी सही करायच्या आधी हात धुतले, मला आवडलं ते. पैसे मोजून त्यांच्या हातात दिले. बँकेतली मुलगी साक्षीदार म्हणून आली. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, “यात काही लपवायला जागाच नाही, ताई.” मधवाले म्हणाले, “म्हणून तर सोपं आहे, बेटी.” मग त्यांनी तिला पेट्या बघायला बोलावलं. ती जाळीचा टोप घालून टेकडीवर गेली आणि परत येताना एक माशी घेऊन आली, केसात. कारखान्यात बराच वेळ धावपळ झाली. माशी सुखरूप आहे.

करारात माल ताब्यात घ्यायची जागा ‘कारखान्याचं दार’ अशी लिहिली आहे. दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला.

आणखी काही विशेष नाही. स्वयंपाकघराला रंग द्यायला रंगारी आला होता. थोडा रंग उरला, तर म्हटलं वाया कशाला घालवा, वरच्या खोलीलाही एक हात मारून घ्या. पिवळा आहे. तुला आवडायचा तसला नाही, म्हणजे साधारण तसलाच. खिडकीची कडीही बसवून घेतली. कडी नव्हती म्हणून, दुसरं काही नाही.

वचन मी मोडलेलं नाही. परत वाचून बघ.

ताई


१८ मे

प्रिय चिमणे,

आज लांब लिहीत नाही. सगळा फुलोरा ऐन भरात असताना गारा पडल्या. टेकडी झोडपून निघाली. मधवाल्यांच्या निम्म्या पेट्या रिकाम्या आहेत, उरलेल्यांत माश्यांनाच पुरेसं नाही, तिथलं मेण कसं काढणार? माणूस दारात येऊन उभा राहिला तो टोपी हातात घेऊन. मी आत या म्हटलं तर येईना.

“ताई, पैसे माश्यांवर खर्च झाले. पण माल तुम्हाला मिळेल. कागदात टेकडी नाही. मी दुसरीकडून विकत आणीन, महाग पडलं तरी माझं मी बघेन.”

मी त्यांना हाताला धरून आत आणलं. चहा केला. मनात म्हटलं, बरं झालं तुझ्या नवऱ्याने ती रेघ मारली. टेकडी कागदावर राहिली असती तर आज मधवाले माझ्याकडे बघू शकले नसते आणि मी सभागृहाकडे.

इथे आसपास सगळीकडे गारा झाल्या आहेत, मेण कुणाकडेच नाही. तुमच्या बाजूला कुणी मधवाले आहेत का, तुझ्या नवऱ्याला विचारशील? दिवस थोडेच उरले आहेत.

ताई


२९ मे

प्रिय चिमणे,

तुझं पत्र आलं. तुझं. एक अख्खं पान.

मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग बाईंना वाचून दाखवलं, मग बाईंनी मला वाचून दाखवलं. ‘आमच्या रस्त्याच्या टोकाला एक मधवाली राहते. तिच्याकडे तुमच्या वर्णनाचं मेण आहे. मी ढेप फोडायला लावून हुंगून पाहिली. ताई, तोच वास आहे.’

बँकेत कोण तपासणार म्हणालीस, आणि स्वतःच तपासून आलीस.

मधवाल्यांनी तुमच्या मधवालीशी भाव ठरवला आहे. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडलं, ते दोन दिवस शीळ घालत फिरताहेत. तुझ्या पत्राच्या तळाशी एक ओळ आहे. ‘दोघांची संमती असेल तर ताबा घ्यायची जागा बदलता येते, हे म्हणतात. इथे घ्यायचा तर कुणीतरी यावं लागेल.’

मधवाल्यांची संमती आहे. माझीही आहे. पण कुणीतरी म्हणजे कोण, ते तू लिहिलेलं नाहीस. बाई म्हणाल्या, “मी जाते की.” मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या वाती मोजायला निघून गेल्या.

ताई


४ जून, रेल्वेत

चिमणे,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातात देणार आहे. गाडी हलते आहे म्हणून अक्षर असं, आपल्या सिस्टरांना सांगू नकोस.

समोरच्या बाकावर मधवाले झोपले आहेत. मांडीवर मधाची बरणी, तुझ्यासाठी, टेकडीच्याच मागची, गारांच्या आधीची. ती करारात नाही, तेव्हा पेट्यांचं नाव घेऊन दिली तरी चालते, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

इतकी वर्षं मी तुला त्याच एका पेटीतून मागत होते. ती पायरी, ते दार, ती वरची तुझी खोली. त्या खोलीला मार्चमध्ये रंग दिला तो उरलेला नव्हता. तुला आवडायचा तोच पिवळा मिळावा म्हणून रंगाऱ्याला मी दोनदा डबा बदलून आणायला लावला होता. निघण्याआधी मी आणि बाईंनी तिथे फळ्या ठोकल्या. मेणाच्या ढेपा ठेवायला जागा हवीच होती, आणि खिडकीला कडी आहे, माश्या येणार नाहीत. खोली छान दिसते. आता ती कुणाची वाट बघणार नाही, तिला काम मिळालं आहे. मलाही हलकं वाटतं आहे.

मधवाल्यांनी झोपायच्या आधी विचारलं, “बहिणीला ओळखाल का, ताई? फार वर्षं झाली म्हणता.”

मी म्हटलं, वर्णन माझ्याकडे आहे. चालताना उजवा खांदा थोडा पुढे. हसू आलं की आधी नाक आकसतं. खोटं बोलताना डोळ्यांत बघते, खरं बोलताना बघत नाही. केस पांढरे असतील तर असोत, ते वर्णनात धरलेलं नाही.

“एवढ्यावर ताबा मिळेल,” ते म्हणाले आणि डोळे मिटले.

तुझ्या नवऱ्याला मायना काय लिहावा हे मला जानेवारीत सुचत नव्हतं. आता सुचलं आहे. प्लॅटफॉर्मवर उतरले की म्हणेन, मेहुणे, चहा घेणार का. बघू, जिन्यावरून ओरडल्यासारखं जमतं का.

गाडीचा वेग कमी होतो आहे. मधवाल्यांना उठवते. पुढचं तुझ्या



(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

ताई,

वाक्य अर्धं का टाकलंस ते मी प्लॅटफॉर्मवरून, गाडीच्या खिडकीतून पाहिलं. गाडी थांबायच्या आधी उतरायचं वय आहे का तुझं?

मेण तपासलं, वर्णनाशी जुळतं. बहीण तपासली, जाड झाली आहे, बाकी जुळते. दोन्हींचा ताबा मिळाला, सही खाली करते आहे. तू स्वयंपाकघरात तुझ्या मेहुण्यांशी बीजगणितावर भांडते आहेस, ते मला इथपर्यंत ऐकू येतंय. ताटं वाढली आहेत. आता भांडण आवर आणि जेवायला ये.

चिमणी